घेतलं, फसलो, आता कोणाकडे जायचं?



विषय कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि विषय लिलावातल्या फसवणुकीचा?" मी म्हटलं, अहो, हा विषय दोन हजार वर्षांपूर्वी एका नीतिशास्त्राच्या ग्रंथात येऊन गेलाय, मी काही नवीन करत नाही. ते समाधान झाल्यासारखं "बरं बरं" म्हणाले. पण खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते तुम्हाला सांगतो. मी स्वतः फसलोय.

शाळेत असल्यापासून मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. संग्रह काही मोठा नाही. थोड्या शिवराया, ढब्बू पैसे, काही संस्थानांची नाणी. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि मी ऑनलाइन लिलावांकडे वळलो. एका लिलावात अंकुशी रुपया होता. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत पडलेला, अंकुशाची खूण असलेला चांदीचा रुपया. सूचीत लिहिलं होतं : अस्सल, उत्तम स्थिती. फोटो झकास होता. साडेचार हजारांची बोली लावली, वर त्यांचं कमिशन, टपालखर्च. रुपया घरी आला, बघितला, खूश झालो आणि कपाटात ठेवून दिला.

आठ महिन्यांनी एक जाणकार मित्र घरी आले. त्यांनी तो हातात घेतला, खिशातून भिंग काढलं, आणि काही बोललेच नाहीत. गप्प बसले. मग म्हणाले, "सर, कडेला बघा." कडेवरून एक बारीक रेघ फिरत होती. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे राहते तशी. ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ नसते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, अक्षरांच्या कडा मऊ होत्या. वजन केलं, तर अकरा ग्रॅमच्या आसपास असायला हवं ते दहाच्याही आत. टेबलावर टाकला तर आवाज 'खण्ण' नाही, 'टक्' असा. ओतीव माल.

आता माझी खरी चूक ऐका. यानंतर दोन महिने मी कोणाला काही बोललोच नाही. आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली, म्हणजे खरं ज्ञान आणि नुसता आभास यांतला फरक कसा ओळखायचा हे मुलांना सांगितलं, आणि स्वतः फोटोला भुललो! लाज वाटली. दोन महिन्यांनी कंपनीला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. आमच्या अटींप्रमाणे तक्रार सात दिवसांत करायला हवी होती, आपण दहा महिन्यांनी करत आहात, क्षमस्व.

सात दिवस. हा आकडा वाचला आणि मला आठवलं, हा आपल्याकडे पूर्वी कुठेतरी वाचलाय.

तर तिथूनच सुरुवात करू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची, म्हणजे तंट्यांची, अठरा पदं सांगितली आहेत. कर्ज, ठेव, सीमेचा वाद वगैरे. त्यांत एक पद खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाचं आहे. नारदस्मृती त्याला 'क्रीतानुशय' म्हणते. अनुशय म्हणजे पस्तावा. मला हा शब्द फार आवडतो. आजचा कायदा 'दोष' म्हणतो, 'त्रुटी' म्हणतो. जुना शास्त्रकार थेट माणसाच्या मनाला हात घालतो. घेतलं खरं, पण आता चुटपुट लागली आहे, याचं काय करायचं?

मनू सरसकट दहा दिवस देतो. याज्ञवल्क्य जास्त बारकाईने जातो. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, दुभत्या जनावराला तीन, आणि रत्नांना सात. याच यादीत दासीला एक महिना आणि दासाला पंधरा दिवस आहेत. हे सांगताना जीभ अडखळते, पण वगळलं तर खोटं होईल. माणूसही त्या काळी 'परीक्षा करून घ्यायचा माल' होता.

या मुदती अशा वेगवेगळ्या का? विचार करा. प्रत्येक मुदत त्या वस्तूचा दोष उघड व्हायला किती वेळ लागेल यावर बेतलेली आहे. गाय किती दूध देते ते तीन दिवसांत कळतं. बियाणं उगवतं की नाही हे एका दिवसात कळणार नाही. लोखंडाचं एका दिवसात कळतं. आणि रत्न? रत्न स्वतःहून काहीच सांगत नाही. ते पारख्याकडे न्यावं लागतं, दुसऱ्या पारख्याला विचारावं लागतं. सात दिवस रत्नाला दिलेले नाहीत, पारख्याच्या दारापर्यंत जायला दिलेले आहेत. नारद तर म्हणतो की घेण्याआधीच स्वतः बघा, दुसऱ्याला दाखवा, आणि पारखून, पसंत करून घेतलं असेल तर मग परत करता येणार नाही. साध्या खरेदीला त्याने आणखी एक हिशेब ठेवला आहे. त्याच दिवशी वस्तू होती तशी परत केली तर ठीक. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा सोडायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यापुढे माल तुमचा. म्हणजे उशिराची किंमत रोज वाढते.

याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली. आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरपासून काही फार दूर नाही. इंग्रजी अमदानीतही वारसाहक्काचे खटले या ग्रंथावर चालले. ज्यांना यात खोल जायचंय त्यांनी महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड उघडावा. तो वाचायला सात दिवस पुरणार नाहीत, एवढंच सांगतो.

एक गोष्ट मात्र संग्राहकांनी इथेच ऐकून ठेवावी. याच ग्रंथांत 'अस्वामिविक्रय' असं दुसरं पद आहे. मालक नसलेल्याने केलेली विक्री. त्यात मूळ मालकाला त्याची वस्तू परत मिळते, आणि घेणाऱ्याने विकणारा दाखवून द्यायचा. पण जर त्याने ती वस्तू एकांतात, अवेळी, फारच कमी किमतीत, ज्याच्याकडे ती असणं संभवत नाही अशा माणसाकडून घेतली असेल, तर घेणाराच चोर धरावा. आपल्यापैकी किती जणांनी अमुक एका वाड्यातून आलेली मूर्ती रात्री कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत बघितली असेल, हात वर करायला सांगत नाही.

आता जरा लांब जाऊ. इटलीत. सिसेरो हा रोमचा वक्ता, वकील आणि तत्त्वचिंतक. त्याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. फोनवर संयोजकांना सांगितला तो हाच. त्याच्या तिसऱ्या भागात एक गोष्ट आहे.

कॅनियस नावाचा एक रोमन सरदार सिराक्यूजला सुट्टी घालवायला गेला. हौशी माणूस. समुद्राकाठी एखादी बाग मिळाली तर मित्रांना बोलवून मजा करू, असं बोलून बसला. तिथे पायथियस नावाचा सावकार होता, पेढी चालवायचा. तो म्हणाला, माझी बाग विकायची नाहीये, पण आपलीच समजा, उद्या जेवायला या. मग त्याने कोळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, उद्या सगळ्यांनी माझ्या बागेसमोर मासेमारी करायची. दुसऱ्या दिवशी कॅनियस येतो तर काय, समोर होड्याच होड्या! जो तो पकडलेले मासे आणून पायथियसच्या पायाशी ओततोय. हे काय, विचारलं. सावकार म्हणाला, यात काय नवल, सिराक्यूजचे सगळे मासे इथेच मिळतात, यांचं पाणी भरणं इथेच, या बागेशिवाय यांचं चालत नाही. कॅनियस पेटला. विकाच म्हणाला. सावकाराने आधी आढेवेढे घेतले, मग मागेल त्या किमतीला दिली. सामानसुमानासकट.

दुसऱ्या दिवशी कॅनियसने मित्रांना बोलावलं. स्वतः लवकर जाऊन बसला. एक होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांचा काही सण आहे का? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत तरी नाही. इथे कोणी मासे पकडतच नाही, त्यामुळे काल काय झालं याचं मलाच आश्चर्य वाटत होतं.

पायथियस बागेबद्दल खोटं बोलला, पण खोटेपणाचं मुख्य काम त्याच्या शब्दांनी केलं नाही, देखाव्याने केलं. लिलावाच्या सूचीतला फोटो आठवा. प्रकाश एका बाजूने टाकलेला, कड दिसणार नाही अशी पाठ आणि पोट. मासे पायाशी ओतलेले आहेत.

आणि मग सिसेरो विचारतो, कॅनियस संतापला, पण करणार काय? कारण त्या वेळी कपटाविरुद्ध दाद मागण्याचा दावाच अस्तित्वात नव्हता. तो पुढे अक्विलियस गॅलस या न्यायपंडिताने तयार केला. हा सिसेरोचा मित्र, इसवी सनापूर्वी ६६ मध्ये दोघेही प्रेटर, म्हणजे न्यायाधिकारी होते. कपट म्हणजे काय असं विचारलं तर अक्विलियस म्हणे, भासवायचं एक आणि करायचं दुसरं. बस. रोममध्ये गुलाम आणि जनावरांच्या बाजारात दोष आधी सांगायची सक्ती होती, न सांगितल्यास सहा महिन्यांत माल परत करायचा दावा लावता येई. पण बागेसमोरच्या माशांसाठी कोणताच कायदा नव्हता. कॅनियसचं काही चुकलं असेल तर एवढंच की तो जरा लवकर फसला.

याच भागात दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा वाद आहे. बॅबिलोनचा डायोजेनीज म्हणतो, दोष सांगायची कायद्याने जेवढी सक्ती आहे तेवढं सांगावं, बाकी न बोलणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य टार्ससचा अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळलं असतं तर त्याने घेतलं नसतं, ते सांगायलाच हवं. मी हा वाद वर्गात वीसेक वर्षं तरी शिकवला असेन. मुलं नेहमी अँटिपेटरच्या बाजूने असत. कॉमर्सची मुलं बसली की डायोजेनीजच्या.

रोमबद्दल बोलतोय तर एक लिलाव सांगूनच टाकतो. सम्राट कॅलिगुलाने खेळातून उरलेले ग्लॅडिएटर लिलावात काढले. श्रोत्यांत एक माजी प्रेटर डुलक्या घेत होता. सम्राट लिलाव पुकारणाऱ्याला म्हणाला, ते गृहस्थ मान हलवताहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेव. गृहस्थ जागे झाले तेव्हा तेरा ग्लॅडिएटर त्यांच्या गळ्यात पडले होते, नव्वद लाख सेस्टर्सना. सुएटोनियसने हे लिहून ठेवलंय. विकणारा स्वतःच सम्राट असेल तर तक्रार कोणाकडे करायची? समोर दोन-तीन जणांच्या माना हलताना दिसताहेत, त्यांनी सांभाळावं.

आता सतराव्या शतकात येऊ, आणि येताना गोव्यावरून येऊ. आपण 'लिलाव' म्हणतो तो शब्दच पोर्तुगीजांचा, त्यांच्या 'लेलांव'वरून आलेला. त्याआधी आपला शब्द 'हर्रास'. तर त्या काळी युरोपात एका दगडाला सोन्यापेक्षा जास्त मान होता. बेझोआर. फारसीत पादजहर, म्हणजे विष मारणारा. रानबकरीसारख्या जनावराच्या पोटात साचून तयार होणारा खडा. राजेरजवाडे विषबाधेच्या भीतीने तो जवळ बाळगत. गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात त्याची चर्चा आहे.

लंडनमध्ये चँडेलर नावाच्या सोनाराने लोपस नावाच्या माणसाला असा एक खडा शंभर पौंडांना विकला. सांगितलं, हा बेझोआर आहे. तो नव्हता. १६०३ मध्ये हा खटला वरच्या न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयात घेणारा जिंकला होता. वरच्यांनी निकाल फिरवला. का? तर सोनार 'हा बेझोआर आहे' एवढंच म्हणाला, 'याची मी हमी देतो' असं म्हणाला नाही. नुसतं सांगणं वेगळं आणि हमी वेगळी. आपला माल चांगला आहे असं प्रत्येकच दुकानदार म्हणतो, त्यावर खटले चालवायचे तर बाजार बंद होईल. एका न्यायाधीशाने मात्र याला विरोध केला होता. त्या निकालाची सावली इंग्रजी कायद्यावर पुढे दोनेक शतकं तरी पडलेली होती. 'घेणाऱ्याने सांभाळावं' हे जे वाक्य आपण ऐकतो, ते या खड्यावरून ठेचकाळत आलंय.

पुढे काय झालं बघा. खरे बेझोआर कमी पडू लागले, तेव्हा गोव्यातल्या जेझुइटांनी कृत्रिम खडे करायला घेतले. गास्पार अँटोनियो या फ्लॉरेन्सहून आलेल्या ब्रदरचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. बेझोआरची पूड, शिंपले, कस्तुरी, राळ, रत्नांची भुकटी, वर सोन्याचा वर्ख. त्यांना म्हणत 'गोवा स्टोन'. सोन्याच्या जाळीदार डब्यांत घालून ते युरोपला जात. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असे खडे डब्यांसकट ठेवलेले आहेत, आणि लिलावात ते भारी किमतीला जातात.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा विषय या दोन खड्यांत आहे. लंडनचा खडा बनावट, गोव्याचाही बनावटच. मग एक फसवणूक आणि दुसरा संग्रहालयात, असं का? कारण गोव्याचा खडा स्वतःच्या नावाने विकला गेला. अस्सलपणा वस्तूच्या आत बसलेला नसतो. वस्तू आणि तिच्याबद्दल उच्चारलेला शब्द यांच्या मधल्या जागेत तो असतो. माझा ओतीव रुपया 'प्रतिकृती' म्हणून दोनशे रुपयांना घेतला असता तर तो शंभर टक्के अस्सल प्रतिकृती झाला असता. म्हणून मदत मागायला जाताना 'वस्तू खोटी आहे' ही तक्रार अर्धी आहे. पूर्ण तक्रार अशी की, तुम्ही अमुक सांगितलं, अमुक विचारल्यावर अमुक उत्तर दिलं, आणि वस्तू तशी नाही.

हे 'विचारल्यावर' फार महत्त्वाचं आहे. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत ती वाचताना मला वाटलं, लिहिणाऱ्याच्या टेबलावर सिसेरो उघडा असणार. एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. डायोजेनीज जिंकला! पुढचं उदाहरण : घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. मग नात्यामुळे सांगणं हे कर्तव्य होतं. आणि त्यापुढचं : घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निकोप धरून चालतो. विकणारा गप्प. आता मात्र ते गप्प राहणंच बोलण्यासारखं आहे.

म्हणजे एका प्रश्नाने गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. मी बोली लावण्याआधी एक ईमेल केला असता, 'हे नाणं ठोकून पाडलेलं आहे, ओतीव नाही, आणि वजन अमुक आहे, असं मी धरून चालतो', तर आज माझी बाजू कितीतरी भक्कम असती. फक्त एक ओळ.

१९३० च्या माल विक्री कायद्यात लिलावाला स्वतंत्र चौसष्टावं कलम आहे. हातोडा पडला की सौदा पुरा. तोवर बोली मागे घेता येते. आणि विकणाऱ्याने स्वतःची माणसं बसवून खोट्या बोल्या लावून भाव चढवला, तर तो सौदा रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला आहे. याच कायद्यात वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनासारखाच असायला हवा, अशी अटही आहे. लंडनच्या लोपसला जे मिळालं नाही ते आपल्याला आहे. पण आणखी एक कलम आहे. माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणजे घड्याळ पुन्हा आलंच.

या घड्याळाने एका माणसाचं काय केलं ते सांगतो. १९४४ मध्ये लीफ नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने इंटरनॅशनल गॅलरीज या दुकानातून सॉल्झबरीच्या कॅथीड्रलचं एक चित्र ८५ पौंडांना घेतलं. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल, असं दुकानाने सांगितलं होतं, प्रामाणिक समजुतीने. पाच वर्षांनी ते विकायला क्रिस्टीजकडे नेलं, तेव्हा कळलं की हे कॉन्स्टेबलचं नाही. त्याने दावा लावला, चित्र घ्या, पैसे परत द्या. १९५० मध्ये निकाल विरुद्ध गेला. पाच वर्षं चित्र भिंतीवर होतं, आता परत करता येणार नाही. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की न्यायमूर्ती डेनिंग यांनी निकालात सुचवलं, वर्णन चुकल्याबद्दल नुकसानभरपाई मागितली असती तर कदाचित मिळाली असती. पण ती त्याने मागितलेलीच नव्हती! मदत होती, त्याने वेगळ्या दारावर थाप मारली.

याच्या उलट उदाहरण २०१२ चं. कुस्टोडिएव्ह या रशियन चित्रकाराच्या नावावरचं एक चित्र २००५ मध्ये क्रिस्टीजने लंडनला सतरा लाख पौंडांच्या आसपास विकलं. पुढे वाद झाला, तज्ज्ञ उभे राहिले, आणि न्यायालयाने पैसे परत करायला लावले. कशाच्या आधारावर? क्रिस्टीजच्याच छापील अटींच्या. त्यांनी चित्रकाराच्या नावाची पाच वर्षांची हमी स्वतःहून लिहून दिली होती. लिलावाच्या अटींची ती बारीक अक्षरं आपण कोणी वाचत नाही, मीही वाचली नव्हती. त्या वाचा. त्या फक्त तुमच्याविरुद्ध लिहिलेल्या असतात असं नाही.

आता इथे, आज, कोणाकडे जायचं. समोर लिलावकंपनी आहे, पत्ता आहे, पावती आहे, वाद मालाच्या खरेपणाचा आहे, तर आधी त्यांना लेखी कळवा आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. विकणारा कोलकात्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सत्तरच्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा हा कायदाच नव्हता, हे आमच्या पिढीला आठवतं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

पण समोर दुकानच नसेल, नुसता फोन नंबर असेल, तर तो ग्राहकाचा तंटा नव्हे, गुन्हा आहे. 'तुमच्याकडची पाच रुपयांची जुनी नोट आम्ही लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा.' यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरलं जातं, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला की आमचा यात काही संबंध नाही. असं झालं तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडण्याआधी गोठवता आले तर येतात. तिथे सात दिवस नसतात, सात तासही नसतात. लिलावाचं कलम १९३० च्या कायद्यात आणि हा फोनही १९३०, तेवढं लक्षात ठेवायला सोपं.

तिसरा प्रकार अवघड आहे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर, ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अशी मूर्ती परवाना नसलेल्याकडून घेतली आणि ती खोटी निघाली, तर तक्रार करताना पोट धरून जावं लागतं. आणि खरी निघाली, तर त्याहून जास्त.

सराफकट्ट्याचं एक सांगायचं राहिलं. पेशवाईत नाना टांकसाळींचे रुपये चालत. सराफ प्रत्येक रुपया वाजवून, तोलून बघे, आणि झीज, हिणकसपणा बघून बट्टा कापे. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो बट्टा हाच. नाण्याचा बट्टा सराफाला सांगायला कोणी लाजत नसे, तो रोजचा व्यवहार होता. लाज नावाला लागल्यावर सुरू झाली. आमच्या संग्राहकांच्या बैठकांत मी बघतो, घेतलेलं प्रत्येक अस्सल नाणं दाखवलं जातं, आणि फसलेलं एकही नाही. माझं हे प्रकरण बोललो, तेव्हा चहाच्या वेळी तिघांनी बाजूला घेऊन सांगितलं, "सर, आमचंही तिथलंच." तिघांपैकी एकाचीही दोन वर्षांची मुदत शिल्लक नव्हती.

माझी होती. मी तक्रार दाखल केली आहे. प्रकरण चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव घेणार नाही, आणि निकाल काय लागेल याचा अंदाजही करणार नाही. त्यांच्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. एक, सात दिवस. त्यावर माझं म्हणणं असं की सात दिवस हे त्यांनी त्यांच्या सोयीने ठरवले, आणि 'अस्सल' हा शब्दही त्यांनीच वापरला. दुसरा मुद्दा मात्र मला रात्री जागवतो. ते म्हणतात, तक्रारदार संग्राहक आहेत. संग्राहक नाणी विकतात, बदलतात. म्हणजे खरेदी व्यापारी हेतूने झाली, आणि व्यापारी हेतूने घेणारा हा कायद्याने ग्राहक नव्हे. आता मला आयोगापुढे सिद्ध करायचंय की मी रुपया कशासाठी घेतला. पंचावन्न वर्षांत मी किती नाणी विकली? दोन. एक पत्नीच्या आजारपणात, दुसरं मित्राला अर्ध्या किमतीत. वकील मित्र म्हणाले, हे लिहून द्या. लिहून दिलंय. हेतू म्हणजे काय यावर मी मोठे मोठे पेपर वाचलेत, पण शपथपत्रावर, शंभराच्या स्टँपवर, पहिल्यांदाच लिहिलं.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. रुपया मी आज बरोबर आणलाय. चहाच्या टेबलावर ठेवतो, शेजारी एक खराही ठेवतो, आणि भिंग आहे. आधी कोणता खरा ते मला सांगू नका, दोन्ही वाजवून बघा, मग कड बघा. फक्त जाताना दोन्ही परत ठेवा, एक पुराव्यात लावायचाय.